चौदा खुर्च्या आणि एक डबा
पंचमंडळीस खुलं पत्र

आदरणीय पाळकसाहेब, सेक्रेटरीसाहेब, खजिनदारसाहेब आणि समस्त पंचमंडळी,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

हॉलमधल्या उसन्या खुर्च्या परत करायचं तुम्हाला मी तीनदा तोंडी सांगितलं आहे. एकदा देवळाच्या पायऱ्यांवर, एकदा एका लग्नाच्या पंगतीत (ती जागा चुकलीच माझी) आणि एकदा पाळकसाहेबांच्या घरी चहा घेताना. तिन्ही वेळा तुम्ही हसून विषय बदललात. म्हणून आता लिहून काढते आहे, आणि सगळ्या मंडळीला वाचता येईल असं लिहिते आहे.

गेल्या महिन्यात शब्बाथ शाळेत, म्हणजे मुलांच्या रविवारच्या बायबलवर्गात, दहा आज्ञांचा पाठ चालू होता. आठवीवर आलो. (आपल्या कॅथलिक शेजाऱ्यांच्या मोजणीत ती सातवी लागते. आज्ञा तीच, मोजायची रीत निराळी.) 'चोरी करू नको' हे सुवर्णवचन अवघ्या तीन शब्दांचं, म्हणून मुलं खूश. मी फळ्यावर लिहिलं, सगळ्यांनी एका दमात म्हटलं, आणि मागच्या रांगेतल्या चौथीतल्या मुलाने हात वर केला. "बाई, ही कुठली शाळा?"

मला आधी कळेना. मग त्याच्या बोटाकडे बघितलं. त्याच्या पुढ्यातल्या निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीच्या पाठीवर, पांढऱ्या ऑइलपेंटने, साचा धरून मारलेलं एका शाळेचं नाव. शेवटची दोन अक्षरं झिजलेली, बाकीचं स्वच्छ वाचता येतं. पोर नवीनच जोडाक्षरं वाचायला लागलंय, त्यामुळे ते दिसेल ते वाचत सुटतं.

"विचारून सांगते," मी म्हटलं. एकतीस वर्षं शिकवते आहे, इतकं पडेल उत्तर मी कधी दिलं नव्हतं. कारण विचारायची गरजच नव्हती. खुर्च्या कुठल्या ते मला ठाऊक होतं, तुम्हालाही ठाऊक आहे.

नव्या लोकांसाठी सांगते. 2019 चा ऑगस्ट. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट, आणि पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. अर्धी सांगली पाण्यात होती. आपल्या हॉलमध्ये पाणी आलं नाही म्हणून आपण तो पूरग्रस्तांसाठी उघडला. कोण कुठल्या जातीधर्माचा हे कुणी विचारलं नाही, मंडळीतल्या बायकांनी आठ दिवस दोन्ही वेळचं रांधलं. त्या आठ दिवसांचा मला अजून अभिमान आहे. खाली झोपता न येणारी म्हातारी माणसं होती, म्हणून जवळच्या एका शाळेने टेंपोतून सोळा खुर्च्या पाठवल्या. चिठ्ठी नाही, पावती नाही, भाडं नाही. "गरज संपली की कळवा," एवढंच त्यांच्या शिपायाने सांगितलं होतं. त्या वेळी दारात मीच उभी होते.

आपण कळवलं नाही. दोन खुर्च्या मोडल्या. पैकी एक नाताळच्या नाटकात, गब्रीएल दूत तिच्यावर चढून उभा राहिला तेव्हा. उरलेल्या चौदा मी परवा मोजल्या.

आता तुमची उत्तरं. पहिलं, "त्यांनी कधी मागितल्या का?" हे वरवर बिनतोड वाटतं. पण बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात काय आहे? भावाचा बैल किंवा मेंढरू भटकताना दिसलं तर ते त्याच्याकडे पोचवायचं. तो लांब राहत असेल, किंवा कुणाचं आहे हे ठाऊक नसेल, तर घरी नेऊन सांभाळायचं, मालक शोधत येईल तेव्हा द्यायचं. वस्त्राचंही तसंच, हरवलेल्या कुठल्याही वस्तूचं तसंच. म्हणजे मालक ठाऊक नसेल तेव्हा त्याची वाट बघायची मुभा आहे. ठाऊक असेल तर चालत आपणच जायचं. आणि आपल्याला तर मालकाचं नाव खुर्चीच्या पाठीवर लिहून मिळालंय. याच ठिकाणी मूळ हिब्रूत जो शब्द आहे त्याचा अर्थ 'स्वतःला लपवणं' असा होतो, असं आपले एक जुने पाळक सांगायचे. तुला स्वतःला लपवता येणार नाही. मराठीत त्याला आपण अंग चोरणं म्हणतो. वस्तू न चोरताही माणूस चोर होतो, तो असा. भाषेला हे आपल्या आधी कळलेलं दिसतं.

दुसरं उत्तर, "त्यांना आता नव्या मिळाल्या असतील." असतील. यावर मी वेळ घालवत नाही.

तिसरं उत्तर खजिनदारसाहेबांचं, आणि ते मला झोपू देत नाही. "बाई, देवाच्याच कामाला वापरतोय ना?" मार्काच्या सातव्या अध्यायात 'कुर्बान' हा शब्द आहे. आईबापांना जे द्यायला हवं ते 'देवाला अर्पण केलं' असं म्हणायचं आणि हात वर करायचे. प्रभू येशू ज्या मोजक्या गोष्टींवर खवळून बोलला त्यातली ही एक आहे. साहेब, चोरीचा माल घरात असला तर निदान मनाला टोचत राहतो. देवळात आणून ठेवला की टोचणीसुद्धा जाते.

इतकं सगळं मनातल्या मनात तुम्हाला सुनावत मी त्या रविवारी घरी गेले. स्वयंपाकघरात शिरले, तांदूळ काढायला डबा ओढला आणि थांबले.

या डब्याबद्दल आजवर मी कुणाला बोलले नव्हते. आता लिहिते, कारण कुसळ आणि मुसळ यांची मापं मलाही कळतात.

त्याच पुरात आमच्या कंपाउंडात कमरेएवढं पाणी होतं. ओसरलं तेव्हा गाळात काय काय सापडलं! एक चप्पल, देव्हाऱ्याची चौकट, कुणाचं तरी हेल्मेट, आणि डाळिंबाच्या झुडपात अडकलेला स्टीलचा मोठा डबा. झाकण इतकं घट्ट की उघडायला उलथनं लावावं लागलं. आत गळ्यापर्यंत कुरडया. कोरड्या, पांढऱ्याशुभ्र. किती कोस पाण्यातून आला होता कोण जाणे, आत थेंब शिरला नव्हता. घरात सगळं भिजलेलं, चूल पेटायची पंचाईत, आणि देवाने डबा धाडला, असं मी तेव्हा म्हटलं. नातवंडांना तळून घातल्या. पंधरा दिवस पुरल्या. मग डबा घासला, उन्हात वाळवला आणि त्यात रेशनचे तांदूळ भरले.

डब्यावर नाव होतं. आपल्याकडे भांड्यावर नाव घातल्याशिवाय दुकानदार भांडं हातात देत नाही. बारीक ठिपक्याठिपक्यांचं, मशीनने कोरलेलं. नाव, गाव आणि लग्नाची तारीख. ते नाव मी इतकी वर्षं रोज दोनदा बघत होते, आणि वाचत नव्हते. हे कसं जमतं ते मला सांगता येणार नाही. पण जमतं.

तर प्रश्न डोक्यात घोळत राहिला. कुरडया खाल्ल्या ते पाप की डबा ठेवला ते? याचं उत्तर मला मुलांनीच आधी एकदा दिलं होतं. दर हंगामात वर्गात हा प्रश्न येतोच: "बाई, ट्रॉलीतला ऊस ओढला तर चोरी का?" सांगली-सातारच्या रस्त्यावर लहानाचा मोठा झालेला आणि चालत्या ट्रॉलीतलं टिपरू न ओढलेला माणूस मला दाखवा. मी स्वतः ओढलेलं आहे, परकर-पोलक्यात. मुलांना मी अनुवादाचा तेविसावा अध्याय वाचून दाखवते. शेजाऱ्याच्या द्राक्षमळ्यात गेलास तर पोटभर द्राक्षं खा, पण भांड्यात भरून नेऊ नकोस. त्याच्या उभ्या पिकातली कणसं हाताने खूड, पण विळा लावू नकोस. किती शहाणा कायदा आहे बघा. भुकेला मुभा आहे, साठवणीला नाही. आणि आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. हुरड्याच्या दिवसांत वाटसरूला तो स्वतः हाक मारतो, "या, खावा की!" पण पिशवी काढलीत तर त्याचा चेहरा बदलतो.

मग ट्रॉलीचं काय? एका मुलीने याचं उत्तर दिलं होतं, तिचे वडील ऊस लावतात. ती म्हणाली, "बाई, शेतात खाल्ला तर पप्पा देतात. ट्रॉलीतला ओढला तर काट्यावर कमी भरतो, आणि ते कुणी ओढलं ते पप्पांना कळतच नाही." पहिल्यात देणारा असतो, दुसऱ्यात नुसता घेणारा. मला इतकं सोपं करून सांगता आलं नसतं. (शिवाय चाकाखाली याल, हे मी प्रत्येक वर्षी जोडून सांगते.)

त्या हिशेबाने, पुरात भुकेल्या पोरांना कुरडया घातल्या त्याचं मला फार वाईट वाटत नाही. डबा ठेवला तिथे मी विळा लावला.

आपण चोरीची आज्ञा शिकवतो ती फार लहान करून शिकवतो, असं मला आता वाटतं. पाकीट मारू नको, दुकानातली गोळी उचलू नको, झालं. वर्गात आखानाची गोष्ट सांगतो, यरीहोच्या लुटीतला झगा आणि चांदी-सोनं त्याने तंबूत पुरलं ती. मुलांना ती आवडते, कारण त्यात खणाखणी आहे. पण नियमशास्त्र, म्हणजे मोशेची पुस्तकं, वाचायला बसलं तर घेऊ नको यापेक्षा परत दे यावरच जास्त शाई खर्च झालेली दिसते. गरिबाचं पांघरूण गहाण घेतलंस तर सूर्य मावळायच्या आत परत दे, कारण रात्री तो कशात निजेल? मजुराची मजुरी रात्रभर स्वतःजवळ ठेवू नकोस. वाट चुकलेला वैऱ्याचा बैल दिसला तर तोसुद्धा परत नेऊन दे. वैऱ्याचा! कॅथलिक मंडळींच्या 1992 च्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथात तर उसनी आणलेली किंवा सापडलेली वस्तू जाणूनबुजून ठेवून घेणं हे याच आज्ञेखाली घातलं आहे. आणि आपल्या प्रेस्बिटेरियन वाडवडलांची 1647 ची लघुप्रश्नोत्तरी आणखी पुढे जाते. शेजाऱ्याचं घेऊ नको एवढ्यावर न थांबता त्याची मालमत्ता वाढायला हातभार लाव, असं ती म्हणते.

तीच गोष्ट शुभवर्तमानातल्या जकातदार जक्कयाची. मुलं त्याला ओळखतात तो बुटका म्हणून आणि उंबरावर चढला म्हणून. अभिनयगीतात सगळं झाड चढून होतं, आणि हिशेबाच्या ओळीवर आपण पोचतच नाही. 'कुणाचं अन्यायाने काही घेतलं असेल तर चौपट परत करतो,' असं तो म्हणतो. हे चौपट कुठून आलं? लेवीयाच्या सहाव्या अध्यायाप्रमाणे, आपलं आपण कबूल करून परत करणाऱ्याने मूळ रक्कम अधिक पाचवा हिस्सा द्यायचा. चौपट ही मेंढरू चोरून कापलं किंवा विकलं त्याची शिक्षा, निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायातली. बैलाला पाचपट. जक्कयावर कुणी फिर्याद केलेली नव्हती. पाचव्या हिश्शावर तो सुटला असता. त्याने पकडल्या गेलेल्या चोराची शिक्षा स्वतःहून स्वतःला लावून घेतली, आणि 'आज या घराला तारण प्राप्त झालं' हे वाक्य त्यानंतर येतं. पाळकसाहेब, तारण कृपेने मिळतं, परतफेडीने नाही, हे मला ठाऊक आहे. त्यावर वेगळं प्रवचन नको. मी फक्त वाक्यांचा क्रम सांगते आहे.

तर बुधवारी मी गेले. चौपटीची माझी ऐपत नाही आणि तेवढं धैर्यही नाही, म्हणून लेवीयाचा भाव धरला. कुरडया अंदाजे अडीच किलो असतील. त्याचा पाचवा हिस्सा अर्धा किलो. ओळखीच्या बाईकडून तीन किलो घेतल्या, डब्यात मावतील तेवढ्या भरल्या, उरलेल्या पिशवीत. नाहीतरी दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देऊ नये, हे माझ्या आजीने लेवीय न उघडता शिकवलं होतं.

गाव पलूस तालुक्यातलं, कृष्णाकाठचं. नाव लिहीत नाही. एसटीतून उतरले, पारावर एका म्हाताऱ्याला डब्यावरचं नाव वाचून दाखवलं, त्याने थेट घर दाखवलं. दारात माझ्याच वयाची बाई शेंगा निवडत होती. डबा बघितला आणि उठलीच.

"आवो, ह्यो तर आमचा डबा! कुठं घावला?"

मी सांगितलं. पुरात आला, आमच्याकडे होता, इतकी वर्षं होता.

"ह्यात कुरडया व्हत्या."

"होत्या. आम्ही खाल्ल्या."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी मनात वाक्यं जुळवत होते, पण तिने भलतंच विचारलं. "चांगल्या फुलल्या का?"

"फार छान फुलल्या," मी म्हटलं. खरंच फुलल्या होत्या.

"आत्तीच्या हातच्या. त्या पुराच्या आदल्या उन्हाळ्यात केलेल्या. ती गेली त्याच पावसाळ्यात, म्हणून ठेवल्या हुत्या." तिने झाकण काढून मी नेलेली एक कुरडई हातात घेतली, उजेडात धरली, परत ठेवली. "ह्या बी बऱ्या हैत," असं म्हणाली. मन राखायला म्हणाली.

मूळ अधिक पाचवा हिस्सा. कागदावर माझा हिशेब चोख होता. तिच्या ओट्यावर बसून मला कळलं की मूळच माझ्याकडे नव्हतं. त्या महिन्यात, त्या वर्षी मी आले असते तर निदान अर्धा डबा तरी सासूच्या हातचा तिला मिळाला असता. उशीर म्हणजे काय ते यापेक्षा जास्त मला समजावता येणार नाही.

निघताना तिने मला रिकाम्या हाताने जाऊ दिलं नाही. शेंगा दिल्या, तिच्या कापडी पिशवीत. म्हणजे आता पिशवी परत करायला पुन्हा जाणं आलं.

आता मंडळीच्या कामाचं. आपल्या व्यासपीठावरून सचोटीवर प्रवचनं होत नाहीत असं नाही. मागे साखर कारखान्यांच्या काटामारीवर झालं होतं, थैलीतल्या लहानमोठ्या धोंड्यांचं वचन घेऊन. मापात पाप! सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण आपल्यापैकी कुणाचा कारखाना नाही. तासगाव, जत, कवठेमहांकाळकडे ज्यांची शेतं आहेत त्यांच्यासाठी कधी शेजाऱ्याच्या मेरेवर, म्हणजे साध्या भाषेत बांधावर, प्रवचन झालं का? दरवर्षी नांगराचं एक तास पलीकडून घेतलं की दहा वर्षांत किती होतं, आणि त्यासाठी भावाभावांनी कोर्टात किती वर्षं काढली, हे मंडळीतल्या निदान चार घरांना पाठ आहे. मी कुणाकडे बघत नाही.

आणि रंगाऱ्याची बाकी. देवळाला नाताळाआधी रंग दिला. तो मिरजेहून तीनदा येऊन गेला. "अर्पण जमलं की देतो," असं त्याला सांगितलं गेलं, मी बाजूलाच उभी होते. मजुरी एक रात्र ठेवू नये असं शास्त्र म्हणतं आणि आपण ईस्टर ओलांडला. पैसे का नाहीत हेही सगळ्यांना ठाऊक आहे. गेल्या हंगामाच्या सणाला, अर्पण आलेल्या मालाच्या लिलावात भोपळ्याला, कोंबड्याला, हळदीच्या गड्ड्याला चढाओढीने बोली लागल्या, टाळ्या पडल्या, माल घरी गेला, आणि बोलीचे पैसे अजून वहीत येणे दिसतात. लोकांसमोर बोललेला आकडा म्हणजे देणं. भोपळा खाऊन झाला असेल तरी.

माझी मागणी मोठी नाही. त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना मंडळीच्या लेटरहेडवर पत्र जावं, उशिराबद्दल माफी मागून, कारणं न देता. चौदा खुर्च्या धुऊन, टेंपो आपण करून, आपल्या माणसांनी उतरवून द्याव्यात. मोडलेल्या दोनांच्या जागी दोन नव्या. उसनं आणलेलं जनावर दगावलं तर भरून द्यायचं हा नियम गब्रीएलालाही लागू आहे. रंगाऱ्याला या आठवड्यात पैसे मिळावेत, आणि वहीतली येणी ज्यांची आहेत त्यांना खजिनदारसाहेबांनी घरी जाऊन भेटावं.

आणखी एक. येत्या हंगामाच्या सणाला फळं-धान्याच्या टेबलाशेजारी एक रिकामं टेबल ठेवू या. ज्याच्या घरी दुसऱ्याचं नाव असलेलं काही आहे, वाटी, पुस्तक, शिडी, पातेलं, त्याने ते आणून ठेवावं. कुणी कुणाला विचारायचं नाही. लिलाव तर अजिबात नाही. ज्याचं आहे त्याने उचलून न्यावं. उरेल ते पोचवायचं काम माझं आणि माझ्या वर्गातल्या मुलांचं. त्यांना पत्ते वाचता येतात.

तो चौथीतला मुलगा दर रविवारी मला विचारतो, "बाई, विचारलं का?" आजपासून मी त्याला हो म्हणू शकते. पुढचं उत्तर तुमच्याकडून हवं आहे, शनिवारच्या बैठकीत. मी बाहेर बाकावर बसून राहीन, घाई करणार नाही.

दोन नव्या खुर्च्यांचे पैसे मंडळीकडे नसतील, तर पौलाने फिलेमोनाला लिहिलं होतं तसं, ते माझ्या नावावर मांडा.

आपली,
शब्बाथ शाळेची बाई
सांगली